नऊ वारांत नऊ बायका

लालबागच्या एका लहानशा वाचनालयात मी अडतीस वर्षं नोकरी केली. त्या कामात फारसं बोलावं लागत नाही, आणि लागलंच तर हळू बोलावं लागतं. दोन्ही गोष्टी माझ्या सोयीच्या होत्या. निवृत्त झाल्यावर मात्र पंचाईत झाली. आमच्या सीताराम बिल्डिंगमध्ये सगळे मोठ्याने बोलतात, आणि समोरच्यानेही तसंच बोलावं अशी त्यांची अपेक्षा असते. मला कोणी विचारलं, "काय तोडणकर, कसं काय?" तर उत्तर नीट जुळवेपर्यंत विचारणारा जिना उतरून गेलेला असतो.

त्यात माझा स्वभाव शंकेखोर. लोकांबद्दल नाही, स्वतःबद्दल. कुलूप लावलं की नाही हे बघायला मी दोनदा वर येतो. चंपा, म्हणजे माझी बायको, म्हणते की या जिन्याच्या पायऱ्या झिजल्या त्यातली निम्मी झीज माझी आहे.

आमची मुलगी मनवा बंगळूरला नोकरी करते. मागच्या दिवाळीत ती आपला जुना लॅपटॉप माझ्यासाठी ठेवून गेली आणि त्यात एक खेळ घालून गेली. "बाबा, यात हरायचं-जिंकायचं काही नसतं," ती म्हणाली. मला एवढं पुरेसं होतं.

खेळ असा, की आपण एक घर बांधायचं आणि त्यात माणसं ठेवायची. त्यांना भूक लागते, झोप येते, कंटाळा येतो. वेळेवर संडासला पाठवलं नाही तर भर दिवाणखान्यात फजिती होते. ती आपापसात बोलतात, पण ती भाषा कुठल्याच मुलखाची नाही. कोणालाच काही कळत नाही, तरी मैत्री होते. मी त्यात एक वसंत केला आणि एक चंपा केली. खेळातला वसंत दोन दिवसांत सगळ्या गल्लीशी बोलून आला. मी थक्क होऊन बघत राहिलो. हा माणूस आपल्या नावावर काय काय बोलून आला असेल, अशी धास्तीही वाटली.

अडचण कपड्यांची होती. खेळात फ्रॉक, पँट, कोट, रात्रीचे झगे असं सगळं होतं. आपल्या बायका नेसतात तसं काही नव्हतं. एके दुपारी खेळातली चंपा आपल्या मनानेच पोहण्याचा पोशाख घालून अंगणात झाडांना पाणी घालू लागली. मी घाईघाईने लॅपटॉप मिटला आणि वर उशी ठेवली. खरी चंपा स्वयंपाकघरात वाल सोलत होती.

"काय झालं हो?" तिने विचारलं.

"काही नाही. गरम झालाय तो."

मनवाला फोन केला. ती म्हणाली, "मग तुम्हीच कपडे बनवा ना. किती लोक बनवतात! चित्र काढायचं नि खेळात घालायचं. टेक्स्चर म्हणतात त्याला."

समजून घ्यायला मला पंधरा दिवस लागले. मला कळलं ते असं: खेळातली बाई म्हणजे एक पुतळा. त्याच्याभोवती एक कागद गुंडाळायचा. पुतळ्याची पुढची बाजू आणि पाठची बाजू त्या कागदावर शेजारी शेजारी सपाट पसरून ठेवलेली असते. आपण तिच्यावर रंग द्यायचा, बाकी गुंडाळणं खेळ करतो. डोकं आणि हाताचे पंजे या कागदावर नसतात, त्यांचा कागद वेगळा. आणि त्यात कापड असं नसतंच. चुण्या, घड्या, सावल्या, सगळं रंगाने दाखवायचं. थोडक्यात, पुस्तकाच्या मुखपृष्ठावर दोरीची गाठ छापलेली असते, तशी.

साडीसाठी पुतळ्याचा आकारच बदलावा लागेल, ते तुम्हाला जमणार नाही, असं मनवाने सांगितलं. मला ते लगेच पटलं, कारण मला जमणार नाही असं कोणी सांगितलं की मला नेहमीच पटतं. पण चार दिवसांनी डोक्यात आलं, की काष्ट्याची नऊवारी म्हणजे पुतळ्याच्या हिशेबाने पँटच की! दोन पाय निराळे, मध्ये ओचा, मागे काष्टा. मी खेळातला एक घोळदार पायजमा घेतला आणि त्याच्यावर लुगडं रंगवायला बसलो.

पहिल्या खेपेला साडीचा काठ काखेत आला. दुसऱ्या खेपेला निऱ्या पाठीवर आल्या. तिसऱ्या खेपेला पदर गळ्याभोवती असा बसला, की चंपा न्हाव्याकडे बसल्यासारखी दिसू लागली. घड्या प्रत्यक्ष कशा पडतात हे बघणं भाग होतं. चंपा 'माउली महिला भजनी मंडळा'ची मुख्य गायिका. दर गुरुवारी दुपारी चंपा धरून अकरा बायका आमच्याकडे तालमीला जमतात, आणि त्यातल्या चार-पाच जणी अजून नऊवारी नेसतात. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून घड्या पाहू लागलो. दुसऱ्याच गुरुवारी टाळ वाजवणाऱ्या रखमावहिनींनी मला पकडलं.

"भावजी, काय बघताय?"

"घड्याळ."

सगळ्या हसल्या. घड्याळ माझ्या पाठीमागच्या भिंतीवर होतं.

शेवटी दोन महिन्यांनी साडी झाली. अंजिरी रंग, मोरपंखी काठ. काठावरची वेलबुट्टी मी एका जुन्या पोथीच्या पानाभोवतीच्या चौकटीवरून घेतली होती. वाचनालयात ती पोथी मी चार वेळा शिवली होती, त्यामुळे ती चौकट हाताला पाठ होती. मंगळसूत्र आणि हिरव्या बांगड्या खेळात मिळत नाहीत, म्हणून त्याही मी साडीच्याच कागदावर रंगवून टाकल्या. मनवाला पाठवलं. लगेच तिचा फोन आला.

"बाबा, पायजम्याची नऊवारी कुणालाच सुचली नव्हती."

"मग चुकलंच असेल," मी म्हणालो.

चंपाला मी यातलं काही सांगितलं नव्हतं. मी कसलीतरी ग्रंथयादी करतो आहे अशी तिची समजूत होती आणि ती मी तशीच राहू दिली होती.

पुढच्या गुरुवारी मंडळात भांडण पेटलं. दादरला भजन स्पर्धा होती, महिनाभर उरला होता, आणि अकरा जणींनी सारख्या साड्या कुठल्या नेसायच्या हे ठरत नव्हतं.

"राणी कलर घ्या," रखमावहिनी म्हणत होत्या. "स्टेजवर उठून दिसतो."

"गेल्या वर्षी राणीच घेतला होता," चंपा म्हणाली. "आपल्यानंतरच्या मंडळाचाही राणी. परीक्षकांना कळेना, कोण उतरलं नि कोण चढलं!"

"मग तू सांग. तुझं आपलं एकच, मोरपंखी, मोरपंखी. आम्ही काय झाडावर बसायचंय?"

मी मुकाट्याने चहाचे कप घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आलो तर खोलीत एकदम शांतता. रखमावहिनी टेबलाशी वाकल्या होत्या. लॅपटॉप मी उघडाच ठेवून चहाला गेलो होतो. खेळातली चंपा अंजिरी नऊवारी नेसून अंगणात फुलं तोडत होती.

"अगो बाय माझे! ही साडी बघा!"

अकराही जणी टेबलाभोवती गोळा झाल्या. बाई वाकली की काठ कसा वळतो, पदर कसा बसलाय, रंग कसा गंभीर तरी उठावदार आहे! पहिल्या मजल्यावरच्या सुभद्राआजींनी चष्मा कपाळावर सरकवला. त्या साड्यांना फॉल लावून देतात, त्यांचा शब्द शेवटचा. त्या म्हणाल्या, "काठ जुना आहे. असा आता मिळत नाही."

"भावजी, कुणाची ही साडी? कुठली?" रखमावहिनींनी विचारलं.

अकरा बायका माझ्याकडे बघत होत्या. माझ्या हातात चहाचा ट्रे होता, त्यामुळे तोंडावर हातही ठेवता येईना. 'माझी' एवढाच शब्द म्हणायचा होता. दोन अक्षरं. पण माझी म्हटलं की पुढे प्रश्न येणार, तुम्ही केलीत? खरंच? तुम्ही? आणि चंपा काय म्हणेल? मग त्यांना त्यात चूक दिसेल. चूक असणारच.

"ती... म्हणजे, एक आहेत," मी म्हणालो. "हितेंद्र म्हणून. डिझाइनर. शिवाजी पार्कला."

हितेंद्र हे नाव मला कुठून सुचलं, देव जाणे. पण तो लगेच सगळ्यांना पसंत पडला.

"शिवाजी पार्कचा म्हणजे असणारच," एकीने म्हटलं.

"किती विचार केलाय हो बायकांच्या नेसण्याचा," दुसरी म्हणाली. "नाहीतर आपले पुरुष! नेसली काय नि गुंडाळली काय, ढुंकून बघत नाहीत."

चंपा स्क्रीनकडे बघत होती. "सुंदर आहे," ती हळू म्हणाली. मी पंचेचाळीस वर्षं या बाईबरोबर राहतो आहे. ती कशालाही सहसा सुंदर म्हणत नाही. 'बरं आहे' ही तिची वरची पायरी. मला आनंद झाला, आणि हितेंद्रचा हेवाही वाटला.

"ह्याच छापून घेऊ," रखमावहिनींनी जाहीर केलं. "आता काँप्युटरवरून कापडावर छापतात. भावजी, तुमच्या हितेंद्रला विचारा, चित्र देईल का."

मी दुसऱ्या दिवशी सांगितलं, की हितेंद्र देतो म्हणाले.

कापडावर छपाई करणारा अजित म्हणून एक मुलगा मनवाने फोनवरूनच शोधून दिला. त्याचा कारखाना लांब होता, सगळं फोनवर. त्याने चित्राची फाइल मागितली. माझ्याकडे दोन होत्या. एकीत नुसतं कापड, म्हणजे अंजिरी जमीन आणि काठ. दुसरीत पूर्ण काम. कुठली पाठवावी? नुसतं कापड पाठवलं आणि काही राहून गेलं तर? मी सकाळपासून दुपारपर्यंत विचार केला आणि सुरक्षित म्हणून पूर्ण काम पाठवलं.

संध्याकाळी अजितचा फोन आला. "काका, हे असंच छापायचं? म्हणजे, हे जसं आहे तसं?"

त्याच्या आवाजात शंका होती. दुसऱ्याच्या आवाजातली शंका मला चांगली ओळखता येते. पण नेमकी त्याच सकाळी चंपा मला म्हणाली होती, "एकदा ठरवलंत ना, मग पुन्हा पुन्हा उकरून काढू नका. अकरा जणींचं काम आहे." म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदा ठणकावून बोललो.

"हो. असंच. एक रेघसुद्धा बदलायची नाही."

"वाराला एक टाकू?"

"टाका."

"बरं काका. हल्ली लोक काय काय करतात," तो म्हणाला.

गठ्ठा आला तो स्पर्धेच्या पाच दिवस आधी, गुरुवारीच, ऐन तालमीत. सुभद्राआजींनी कात्रीने सुतळी कापली. रखमावहिनींनी पहिली साडी झटकून खोलीभर पसरली.

अकराही जणी साडीवर वाकल्या.

अंजिरी कापडावर एक बाई होती. पूर्ण उंचीची. तिच्या अंगावर नऊवारी होती, चुण्या होत्या, छातीवर तिरका पदर होता, गळ्यात मंगळसूत्र होतं. गळ्याच्या वर काही नव्हतं. हातांना पंजे नव्हते, पण बांगड्या जागच्या जागी होत्या. शेजारी तीच बाई पाठमोरी. तिच्या पायाखालून दुसऱ्या बाईची मान सुरू होत होती. तिच्या पायाखाली तिसरी. काठ सरळ न जाता प्रत्येकीच्या अंगावरून नागासारखा चढत-उतरत होता.

"एक, दोन, तीन..." सुभद्राआजी बोटाने मोजत टोकापर्यंत गेल्या. "नऊ आहेत."

"नऊ बायका!" रखमावहिनी ओरडल्या. "नि एकीलाही डोकं नाही!"

"बांगड्या आहेत पण," कोणीतरी समजुतीने म्हणालं.

"मंगळसूत्रं बघा. नऊ मंगळसूत्रं! एका नवऱ्याने एवढा पिच्छा पुरवलाय, आणखी आठ कुठे सांभाळू?"

"साडीवर साडी नेसलेली बाई. ती नेसायची कुणी? आपण का तिने?"

मी भिंतीला टेकून उभा होतो. मला अजितचा फोन आठवला. अडतीस वर्षं मी प्रत्येक पुस्तक दोनदा तपासून कपाटात लावलं. आयुष्यभर हजार शंका काढल्या, सगळ्या फोल. आणि एकदाच शंका न काढता बोललो, तर हे!

चंपाने साडीचं टोक हातात घेतलं होतं. याच साडीला तिने सुंदर म्हटलं होतं.

"आता दुसऱ्या साड्या पाच दिवसांत?" सुभद्राआजींनी विचारलं. "ब्लाऊज, फॉल, अकरा जणींचं? विसरा. यंदा नाव काढून घ्या स्पर्धेतून."

"नाव कशाला काढायचं?" रखमावहिनींनी पदर खोचला. "त्या हितेंद्रला धरू. लावा फोन, भावजी!"

"लागत नाही त्यांचा फोन."

"मग घर दाखवा. आत्ता. शिवाजी पार्कला ना? चला गो!"

मी तिथेच बोलायला हवं होतं. पण रखमावहिनी इतक्या रागात होत्या, की हितेंद्र खरंच असता तर मला त्याची कीव आली असती. मी चपला घातल्या.

तिघींना नातवंडांना शाळेतून आणायचं होतं, त्या राहिल्या. उरलेल्या आठ जणी आणि मी बसने निघालो. रखमावहिनींनी पुरावा म्हणून एक साडी पिशवीत घेतली. शिवाजी पार्कला उतरल्यावर मी पुढे आणि आठ बायका मागे, असे आम्ही मैदानाच्या कडेने चालू लागलो. मी एका गल्लीपाशी थांबून वर बघायचो, मान हलवायचो आणि पुढे जायचो.

"ही नव्हे का?"

"नाही. अशीच होती, पण ही नव्हे."

अर्धा फेरा झाला. पोरं नेटमध्ये क्रिकेट खेळत होती. फिरायला आलेली पांढऱ्या बुटातली मंडळी आमच्याकडे बघत होती. सुभद्राआजींचे गुडघे दुखायला लागले.

"घर कितव्या मजल्यावर आहे ते तरी आठवतं का?" चंपाने विचारलं.

"लिफ्ट आहे," मी म्हणालो.

पाऊण फेरा झाल्यावर रखमावहिनींचा धीर सुटला. त्यांनी कट्ट्यावर साडी पसरली आणि समोरून येणाऱ्या, पांढऱ्या बुटातल्या एका गृहस्थांना थांबवलं.

"अहो, ऐका जरा. हा माणूस ओळखता का तुम्ही?"

गृहस्थांनी बिनडोक्याच्या बाईकडे पाहिलं. चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं. "चेहरा दिसला असता तर सांगता आलं असतं," ते अतिशय सभ्यपणे म्हणाले.

"ही नव्हे हो! हिला ज्याने काढली तो! हितेंद्र! इथेच राहतो मेला. आमच्या मंडळाचं वाटोळं केलंन. सापडू दे, ह्याच साडीने बांधून लालबागपर्यंत नेते की नाही बघा!"

आणखी दोघे-तिघे थांबले. चंपा जरा बाजूला कट्ट्यावर बसली होती. उन्हाने तिचा चेहरा लाल झाला होता. ती चिडलेली असती तर मी घाबरून गप्प राहिलो असतो. पण ती चिडलेली नव्हती, नुसती दमलेली होती, आणि चपलेतून पाय काढून तळवे चोळत होती. तो फेरा तिला मी घालायला लावला होता.

"हितेंद्र नाहीयेत," मी म्हणालो.

कोणी ऐकलं नाही. मी वाचनालयातल्या आवाजात बोललो होतो.

"हितेंद्र नाहीयेत!" मी ओरडलो. क्रिकेटच्या नेटमधली पोरंसुद्धा वळली. "कुणी नाहीयेत. मीच आहे. साडी मी काढली. फाइल मी चुकीची पाठवली. त्याने मला विचारलं होतं, मीच हो म्हटलं. बांधायचं तर मला बांधा."

रखमावहिनींचा हात साडीवर तसाच राहिला. "तुम्ही? भावजी, तुम्ही?"

अगदी हाच प्रश्न येईल म्हणून मी सगळं केलं होतं. आला. आणि आल्यावर विशेष काही झालं नाही, हे बघून मला नवल वाटलं.

"म्हणजे ते घड्याळ..." रखमावहिनी म्हणाल्या.

"घड्या बघत होतो. साडीच्या. चंपाची शपथ."

"माझी शपथ नको," चंपा म्हणाली. ती उठून माझ्यासमोर आली. "पंचेचाळीस वर्षं झाली. भाजी कुठली आणू विचारलं की, तुला आवडेल ती. भिंतीला रंग कुठला? तुला आवडेल तो. पोरीचं नाव? तुला आवडेल ते. पहिल्यांदा स्वतःच्या मनाने एक गोष्ट केलीत. ती मला आवडली. अकरा जणींना आवडली. आणि ती उचलून हितेंद्रला देऊन टाकलीत? कोण लागतो तो आपला?"

पांढऱ्या बुटातल्या गृहस्थांनाही ते पटलेलं दिसलं. "बरोबर आहे त्यांचं," ते म्हणाले. मग चंपाकडे वळून त्यांनी विचारलं, "पण मग कलाकाराचं नाव काय?"

आमच्यात बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. घेतलं तर फक्त उखाण्यात, तेही लग्नकार्यात कोणी अडवलं तर. रखमावहिनींच्या डोळ्यांत राग होता तिथे आता काहीतरी दुसरंच चमकलं.

"घे गो, चंपा! नाव घे! साहेब विचारतायत."

"भर रस्त्यात?"

"भर रस्त्यात नऊ बायका उघड्यावर टाकल्यात, आता तू कशाला लाजतेस?"

चंपाने एकदा साडीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग ती भजनाची सुरुवात करते तसा तिने गळा साफ केला.

"नऊवारी साडीवर नऊ बायका बिनडोक, वसंतरावांची करणी ही, जमून बघतायत लोक!"

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर टाळ्या पडल्या. रखमावहिनी इतक्या हसल्या, की त्यांना खाली बसावं लागलं. मी कुठे बघावं हे न कळून साडीकडेच बघत राहिलो.

सुभद्राआजी मात्र हसत नव्हत्या. त्या साडीचं एक टोक धरून बोटांनी भराभर निऱ्या घालत होत्या. "इकडे बघा," त्या म्हणाल्या. "निरी घातली की बाई जाते."

खरंच जात होती. चार-चार बोटांच्या घडीत बाईचा कुठे खांदा, कुठे बांगडी एवढंच उरत होतं. बाकी सगळी अंजिरी जमीन. सावल्या मी रंगवल्या होत्या त्यामुळे निऱ्या उलट जास्तच भरदार दिसत होत्या. आजींनी चंपाला उभं केलं आणि तिच्या नेसत्या साडीवरूनच नऊवारी गुंडाळून दाखवली. आठ बायका गडप झाल्या. पाठमोऱ्या साऱ्या घडीत आत गेल्या. उरली ती एकच, पदरावरची. ती मात्र चंपाच्या पाठीवर ऐटीत उभी होती, मानेपर्यंत.

"हिचं काय करायचं?" चंपाने मान वळवून विचारलं.

"पदर खोचून टाका," एकजण म्हणाली.

"बसून भजन म्हणायचंय, फुगडी घालायची नाहीय," आजी म्हणाल्या.

रखमावहिनी उठल्या, माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "सोपं आहे. डोकं नाही म्हणून वाईट दिसतं ना? मग डोकं काढा. भावजी, चार दिवस आहेत. ज्याने धड केलंय त्यानेच डोकं करायचं. आणि जिची साडी तिचंच डोकं पाहिजे. माझ्या पाठीवर मला दुसरी बाई चालणार नाही."

अशी शिक्षा दुसऱ्या कोणाला सुचली नसती. मला त्यापेक्षा बांधून नेलं असतं तर परवडलं असतं.

दुसऱ्या दिवशी लालबागच्या स्टेशनरीच्या दुकानातून कापडावरचे रंग आणले. आमच्या खिडकीशी खुर्ची ठेवली, आणि त्या खुर्चीत एकेक बाई येऊन बसू लागली. प्रत्येकीच्या चेहऱ्याकडे मला तासभर बघायचं होतं. मी तीस वर्षं या बिल्डिंगमध्ये बायकांच्या पायांकडे बघून जिना चढलो आहे. चपलांवरून मी सगळ्यांना ओळखतो. रखमावहिनींच्या हनुवटीवर तीळ आहे हे मला माहीतच नव्हतं.

"नाक जरा लहान करा," त्या म्हणाल्या.

"आहे तेवढंच काढलंय."

"मला माहीत आहे आहे तेवढं. म्हणून तर सांगते."

नाक लहान केलं. मग त्यात नथ घातली, तेव्हा ते होतं त्यापेक्षा मोठं दिसू लागलं. त्या खूश झाल्या. सुभद्राआजींना चष्म्याशिवाय काढून हवं होतं. चष्मा काढल्यावर त्यांना चित्र दिसेना, म्हणून पसंत आहे की नाही हे शेवटपर्यंत ठरलं नाही. एकीला दात दाखवून हसताना हवं होतं. एकीने आपला वीस वर्षांपूर्वीचा फोटो आणला आणि यावरून काढा म्हणाली. बसल्या बसल्या त्या बोलत होत्या. सुनेबद्दल, गुडघ्यांबद्दल, कोकणातल्या घराच्या छपराबद्दल. हातात ब्रश असला की उत्तर लगेच द्यावं लागत नाही, हे मला तेव्हा कळलं. मध्ये मध्ये मीही बोललो. काय बोललो ते आठवत नाही, पण त्या हसत होत्या.

चंपा सगळ्यात शेवटी बसली, रविवारी दुपारी. तिचा चेहरा तीनदा चुकला. प्रत्येक वेळी रंग ओला असतानाच फडक्याने पुसावा लागला.

"सगळ्यांचे जमले," मी म्हणालो. "तुझाच जमत नाही."

"बघितलं असतंत तर जमलं असतं. बघा आता नीट. घाई नाही, कुकर लावून आलेय."

मी बघितलं. चौथ्या खेपेला जो चेहरा झाला तो तिचा होता असं मी छातीठोक सांगणार नाही. तिने पदर हातात धरला आणि खिडकीच्या उजेडात नेला.

"ही आई आहे माझी," ती म्हणाली.

"पुसू?"

"हात लावू नका."

मंगळवारी दादरच्या हॉलमध्ये मी शेवटच्या रांगेत कडेची खुर्ची पकडली. पडदा बाजूला झाला. अकरा जणी ओळीने स्टेजवर आल्या. गाण्याआधी त्यांनी वळून मागच्या चौरंगावरच्या विठ्ठल-रखुमाईला नमस्कार केला, आणि त्यांच्या पाठी सभागृहाकडे झाल्या.

अकरा बायका देवाकडे बघत होत्या आणि अकरा बायका आमच्याकडे. त्यातली एक दात दाखवून हसत होती. रखमावहिनींची नथ शेवटच्या रांगेपर्यंत दिसत होती. सभागृहात कुजबुज झाली, मग कोणीतरी टाळी वाजवली, मग बऱ्याच जणांनी. परीक्षक एकमेकांच्या कानात काहीतरी बोलले. ते काय हे मला अजून माहीत नाही. नंबर काही आला नाही. चंपाचा आवाज मात्र त्या दिवशी फार चांगला लागला होता.

शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाने मला कोपराने ढोसलं. "काय कल्पना आहे हो! कोणी केल्यात या साड्या?"

"मी," मी म्हणालो. मग थोडं थांबून म्हणालो, "पण धुतल्यावर चेहरे राहतील की नाही, ते काही सांगता येत नाही."